थट्टेची मर्यादा
(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘थोडी थट्टामस्करी चालायचीच, त्यातूनच ओळख होते,’ असे रॅगिंगच्या समर्थनार्थ नेहमी म्हटले जाते. पण थट्टा कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो? ज्याच्या घरातून पूर्वी कोणी कॉलेजात गेलेले नाही, त्याला हे सांगणारे कोणी नसते. माझ्याही घरात नव्हते. लाखांदूर-पवनीकडचा असा एखादा विद्यार्थी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो, म्हणून त्याला सर्वांसमोर पुन्हा पुन्हा बोलायला लावले, तर ही इथली रीतच असावी असे समजून तोही हसतो. दुसऱ्या दिवसापासून मात्र वर्गात तोंड उघडत नाही. झाडीबोली ही आपल्या मायबापांची भाषा. तिचीच लाज वाटू लागली, तर शिक्षणाची गोडी कशी राहणार?

ही मर्यादा कायद्याने आखून दिली आहे. महाराष्ट्रात १९९९ साली रॅगिंगबंदीचा कायदा झाला. त्यानुसार मारहाण तर रॅगिंग आहेच. पण विद्यार्थ्याला भीती वा लाज वाटेल असे वागणे, एरवी तो स्वखुशीने करणार नाही असे काही करायला सांगणे, हेही रॅगिंगच होय. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. शिवाय दोषी विद्यार्थ्याला कॉलेजातून काढून टाकतात व पाच वर्षे दुसरीकडेही प्रवेश मिळत नाही. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांची लेखी तक्रार येताच प्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करावयाची असते.

२००९ साली हिमाचल प्रदेशात अमन काचरू हा वैद्यकीय विद्यार्थी वरिष्ठांच्या मारहाणीनंतर मरण पावला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर कडक नियम लागू केले. २०१६ मध्ये जात, प्रांत, भाषा, आर्थिक स्थिती यांवरून होणारा मानसिक छळही त्यांत स्पष्टपणे घातला गेला. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा दूरध्वनी आहे.

पण विद्यार्थी मित्रहो, तक्रारीची वेळच का यावी? स्नेहसंमेलन, क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना या आपल्या मंडळांनी नवागतांचे स्वागत प्राध्यापकांच्या उपस्थितीत करावे. प्रत्येक वरिष्ठाने दोन नवागतांची जबाबदारी घ्यावी. त्यांना ग्रंथालयाचे कार्ड, एस.टी.चा पास आणि शिष्यवृत्तीचा अर्ज मिळवून द्यावा. ओळख याहून अधिक चांगली कशी होणार?