ट्रेलर जोडला की जीप का उसळते?

उन्हाळ्यात पाड्यांवरच्या विहिरी तळाला जातात. अशा दिवसांत आरोग्य शिबिराला निघताना आम्ही जीपमागे दोनचाकी ट्रेलर जोडतो. त्यात जनरेटर, औषधांच्या पेट्या, घडीची टेबले आणि पाण्याने भरलेला २०० लिटरचा पिंप असतो. डॉक्टरांना हात धुवायला आणि उपकरणे उकळायला लागणारे पाणी त्या पाड्याकडे मागणे बरे वाटत नाही, म्हणून ते आपलेच न्यायचे.

मागच्या उन्हाळ्यात ही जीप असे हिसके देऊ लागली की मागच्या बाकावर बसणाऱ्या सिस्टरांनी कंबर धरली. एका फेरीत लहान मुलांच्या औषधांच्या काचेच्या बाटल्या फुटल्या. शॉकअप गेले, असे सगळ्यांचेच मत पडले. नवे शॉकअप बसवले. पैसे औषधांच्या खात्यातून गेले, हिसके मात्र होते तिथेच राहिले.

चूक आमचीच होती. रोगी न तपासताच आम्ही औषध दिले होते. त्यानंतर जे शिकलो ते इथे लिहीत आहे. ज्यांच्याकडे अशी गाडी आणि ट्रेलर आहे, त्या कार्यकर्त्यांचा खर्च वाचेल, आणि घाटातला धोकाही टळेल.

धक्का कोणत्या जातीचा?

आधी धक्का ओळखावा. ट्रेलर जोडलेल्या गाडीत तो मुख्यतः चार प्रकारांनी जाणवतो.

पहिला पुढे-मागे बसणारा हिसका. कोणीतरी मागून ढकलावे आणि लगेच ओढावे तसा. याचे कारण बहुधा जोडात असते. जीपचा गोळा झिजलेला असतो, त्यावर बसणारी ट्रेलरची वाटी सैल असते किंवा हुकाचे बोल्ट ढिले झालेले असतात. गोळ्यावर पुरेसा भार नसेल तर जोड ठीक असूनही प्रत्येक खड्ड्यावर वाटी गोळ्यावर आपटते.

दुसरा वर-खाली झुलणे. खड्डा मागे पडला तरी नाक वर, शेपूट खाली असे तीन-चार हेलकावे चालू राहतात. इथे शॉकअपवर संशय घ्यायला हरकत नाही. पण ट्रेलरच्या दोन्ही टोकांना जड सामान ठेवले, तरी हेच होते. सी-सॉच्या दोन टोकांवर मुले बसली की तो जसा सहज थांबत नाही, तसेच.

तिसरा बारीक, सतत थरथरणे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जीपचे चाक एका सेकंदात सात-आठ फेरे मारते. त्यामुळे वाकलेली रिम, फुगा आलेला टायर किंवा बिघडलेले बेअरिंग यांची थरथर जलद असते आणि वेग बदलला की तिचा ताल बदलतो. सिमेंटच्या रस्त्यावर मात्र फसू नये. तिथे साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो आणि त्याचाही ठेका वेगाबरोबर बदलतो. डांबरी रस्त्यावर थरथर थांबली, तर दोष गाडीचा नाही.

चौथा डावी-उजवीकडे डुलणे. हा सर्वांत धोक्याचा. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

तपासणीचा क्रम

एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने तीन फेऱ्या माराव्यात. एक नुसत्या जीपची, दुसरी रिकामा ट्रेलर जोडून आणि तिसरी भरलेला ट्रेलर जोडून. नुसती जीपच उसळत असेल तर दोष जीपमध्ये. रिकामा ट्रेलर थोडा उड्या मारतोच, कारण त्याचे पाटे भार पेलण्यासाठी कडक केलेले असतात आणि पुष्कळ ट्रेलरना शॉकअप नसतातच. त्यात टायरमध्ये हवा गच्च भरली असेल तर तो चेंडूसारखा नाचतो. भरल्यावरच त्रास होत असेल, तर भार कुठे ठेवला आहे ते पाहावे.

त्यानंतर हाताने तपासावे. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. टायरवर कोरलेला आकडा हा कमाल दाबाचा असतो, प्रत्येक वेळी तेवढी हवा हवीच असे नाही. कमी हवाही वाईट. तिने टायर तापतो आणि फुटतो. ट्रेलरचे चाक जॅकवर उचलून वरून व खालून धरून हलवावे. ते खडखडले तर बेअरिंग पाहावे. दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर दोन्ही चाकांच्या हबजवळ तळहात न्यावा. एक बाजू दुसरीपेक्षा फार तापली असेल तर काहीतरी बिनसले आहे. पाट्यांतले एखादे पान तुटले आहे का, यू बोल्ट सैल आहेत का, बुश खाल्ले आहेत का, हे खाली वाकून बघावे. शेवटी गोळ्यापासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरी धरावी. दोन्ही अंतरे सारखी भरली नाहीत, तर ट्रेलर तिरका चालतो आणि टायर घासतो.

आम्ही हे सर्व केले. एक सैल बोल्ट सोडला तर काहीच सापडले नाही.

ड्रायव्हरकाकांचे वाक्य

मग एके संध्याकाळी आमचे ड्रायव्हरकाका सहज म्हणाले, “जाताना नाचते हो, येताना मात्र गरीब गाय असते.”

हे वाक्य आम्ही आधीही ऐकले होते. येताना सगळे थकलेले असतात, धक्के जाणवत नसतील, असे म्हणून सोडून दिले होते. पण रस्ता तोच, जीप तीच, शॉकअप तेच. जाताना आणि येताना फरक एकाच गोष्टीत होता. पिंप जाताना भरलेला असे आणि येताना रिकामा.

दवाखान्यातला माणसे मोजण्याचा काटा आणला. ट्रेलर सपाट जागी उभा केला, चाकांना दगड लावले, आणि दांड्याचे टोक गोळ्याच्या उंचीइतक्या लाकडी ठोकळ्यावर, ठोकळा काट्यावर, असे ठेवले. भरलेल्या ट्रेलरचे वजन सुमारे ७०० किलो होते. काट्याने दाखवले फक्त २२ किलो, म्हणजे जेमतेम तीन टक्के. अशा ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार गोळ्यावर असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे आमच्या बाबतीत निदान ७० किलो.

हिशेब सोपा आहे. गोळा ते ॲक्सल हे अंतर आमच्याकडे ३ मीटर आहे. पिंप ॲक्सलच्या ७५ सेंटिमीटर मागे, अगदी फळीला टेकवून ठेवलेला असे, कारण तिथून पाणी काढणे सोपे. पाण्यासह त्याचे वजन २०० किलो धरले, तर २०० गुणिले ०.७५ भागिले ३, म्हणजे ५० किलो. तेवढ्या जोराने पिंप दांड्याचे टोक वर उचलत होता. येताना पिंप रिकामा झाला की तेच ५० किलो गोळ्यावर परत येत आणि ट्रेलर शहाणा होई.

उपाय फुकटचा होता. पिंप बरोबर ॲक्सलवर आणून पट्ट्याने बांधला. गोळ्यावर आता ७२ किलो येतात. पिंप ॲक्सलवर असल्यामुळे तो रिकामा झाला तरी हा आकडा फारसा बदलत नाही. पुढच्या फळीजवळचा जनरेटरही ॲक्सलकडे सरकवला आणि तेवढा भार सुटू नये म्हणून पेट्या थोड्या पुढे घेतल्या. पिंप नेताना तोंडोतोंड भरतो. अर्धवट भरलेल्या पिंपातले पाणी डचमळून स्वतःच धक्के देते.

मात्र भार पुढे आणताना अति करू नये. हुकाचा गोळा जीपच्या मागच्या ॲक्सलच्या बराच मागे असतो. तिथे ७० किलो ठेवले तर मागच्या चाकांवर ७० पेक्षा जास्त भार येतो आणि पुढची चाके तितकी हलकी होतात. आमच्या जीपमध्ये हा फरक २८ किलोच्या आसपास भरतो. भार फार वाढला तर स्टिअरिंग पोकळ लागते, ब्रेक कमी धरतो आणि रात्री दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गाडीच्या पुस्तिकेत हुकासाठी दिलेली मर्यादा हीच अखेरची मर्यादा.

ट्रेलर डुलू लागला तर

मागे जड आणि पुढे हलका ट्रेलर वेगात डुलू लागतो. उतारावर हे डुलणे वाढत जाते आणि जीपलाही फरफटत नेऊ शकते. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि स्टिअरिंग सरळ, घट्ट धरावे. करकचून ब्रेक मारू नये, डावी-उजवीकडे सावरू पाहू नये, आणि वेग वाढवून सरळ करण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. गाडी थांबली की सामान पुढे घ्यावे आणि मगच निघावे. घाट उतरताना सुरुवातीलाच खालचा गिअर टाकावा.

आता निघण्यापूर्वी आम्ही पाच गोष्टी पाहतो: हवा, जोड, सुरक्षा साखळी, बांधलेले सामान आणि गोळ्यावरचा भार. दहा मिनिटे जातात. यंदाच्या उन्हाळ्यात एकही बाटली फुटली नाही, आणि सिस्टर पुन्हा मागच्या बाकावर बसू लागल्या आहेत. जुने शॉकअप मात्र आम्ही फेकलेले नाहीत. ते दवाखान्याच्या पडवीत ठेवले आहेत. जो रोज गाडी चालवतो त्याला आधी विचारावे, याची ती आठवण आहे.