न्हाऊ घालताना एवढं बघा

आजचा विषय ऐकून काहीजणी आवाज बारीक करतील. करू नका, घरातल्या आजीलाही बोलवा. कारण बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणारीलाच हे आधी कळतं.

मुलग्याच्या लघवीच्या जागेखाली पिशवी असते, तिच्यात दोन गोळ्या हाताला लागतात. त्यांना वृषण म्हणतात. आईच्या पोटात असताना ती बाळाच्या पोटातच, मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि सातव्या-आठव्या महिन्यात खाली सरकत पिशवीत येतात. कधी एखादं वाटेतच, जांघेत किंवा पोटात राहतं. पूर्ण दिवसांच्या १०० मुलग्यांत साधारण तिघांचं असं होतं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांत बरंच जास्त. ग्रहणात आईनं काही चिरलं म्हणून हे होत नाही. त्या बिचारीला बोल लावू नका.

पिशवी बाहेर लोंबते ती उगाच नाही. पुढे वीर्यातले जंतू तयार व्हायला अंगापेक्षा दोन-तीन अंश कमी ऊब लागते. पोटातल्या उबेत वृषण हळूहळू खराब होतं. मूल होण्यात अडचण येऊ शकते, मोठेपणी तिथं कॅन्सरचा धोकाही वाढतो.

बघायचं कसं? कोमट पाण्यानं न्हाऊ घातल्यावर, बाळ शांत असताना, हात गरम करून. थंडीत गोळी वर पळते आणि उबेत परत येते, ते वेगळं; पण डॉक्टरांना तेही सांगून ठेवा. पहिल्या महिन्यांत बरीचशी आपोआप उतरतात. सहा महिने झाले तरी उतरलं नाही, तर पुढे उतरण्याची आशा फार कमी. (अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे महिने ठरलेल्या तारखेपासून मोजायचे.) ‘वयात आला की येईल खाली’ हे आम्ही गावोगाव ऐकतो, आणि नुकसान होतं ते याच वाक्यानं. शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांत व्हावी. जांघेत लहान छेद देऊन वृषण खाली आणून टाकतात. बहुतेक मुलं त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी येतात.

दोन्ही हाताला लागत नसतील किंवा लघवीचं भोक टोकाला नसेल, तर सहा महिने थांबू नका, जन्मताच दाखवा. जांघेत एकाएकी फुगवटा, कळा, उलट्या, असं झालं तर रात्रही काढू नका.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यातल्या डॉक्टरांना चड्डी काढून बघायला सांगा. कोल्हापुरात सीपीआरला दाखवता येतं. मुलगा पाच-सात वर्षांचा झाला असेल तरी जाच. उशीर झाला म्हणून लाजून घरी बसू नका.