संशोधनाची वाट (भाग 6) : छापले, पण तपासले कोणी?

शोधनिबंध कसा लिहितात, ते मागच्या भागात पाहिले. लिहिणे आणि छापणे यांच्यामध्ये एक पायरी असते. ती म्हणजे जाणकारांकडून होणारी तपासणी. आजचा भाग तिच्याबद्दल आहे.

पुण्याच्या सदाशिव पेठेला ही पायरी जुनीच ओळखीची आहे. वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी 7 जुलै 1910 रोजी इथे भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या पाक्षिक सभेत सभासद आपले टिपण जाणकारांपुढे वाचत. समोर अस्सल कागद आणि शंका विचारणारे अभ्यासक असले, की सैल विधान टिकत नाही. विज्ञानातही नियम हाच आहे: त्याच विषयातल्या इतरांनी पारखले, तरच ते संशोधन.

आज शोधनिबंधांच्या संख्येत चीन आणि अमेरिकेनंतर भारताचा क्रमांक लागतो. 2022 मध्ये जगभरच्या मोजणीत भारताचे दोन लाखांहून अधिक निबंध होते. ही वाढ आनंदाचीच आहे. पण तिच्या आडोशाने एक बाजारही फोफावला. लेखकाकडून पैसे घ्यायचे, तपासणीचे नुसते नाव करायचे आणि आठवडाभरात निबंध छापायचा, असा धंदा करणारी ही लुबाडू नियतकालिके. एका जागतिक अभ्यासानुसार त्यांतले निबंध 2010 मध्ये सुमारे 53 हजार होते, 2014 मध्ये ते 4 लाख 20 हजारांवर गेले. लेखकांत सर्वांत मोठा वाटा भारतीयांचा होता.

याचे कारण आपल्या नियमांत आहे. 2010 पासून प्राध्यापकांची नेमणूक आणि बढती गुणांकांवर ठरू लागली, आणि छापलेल्या निबंधाला गुण मिळू लागले. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी एक निबंध छापून आणणेही सक्तीचे होते. ती अट 2022 मध्ये गेली. ज्या महाविद्यालयात प्रयोगशाळा नाही, ग्रंथालयात नियतकालिके नाहीत आणि तासिकांचा भार मोठा आहे, तिथल्या शिक्षकाकडूनही निबंध मागितला गेला. गरज निर्माण झाली आणि दुकाने उघडली.

या दुकानांची झडती पुण्यातूनच झाली. डॉ. भूषण पटवर्धन, डॉ. शुभदा नगरकर आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली 1,009 नियतकालिके तपासली. निकषांवर उतरली फक्त 112. उरलेल्यांत कुठे पत्ता नव्हता, कुठे संपादकांची नावे नव्हती, तर कुठे नोंदणी क्रमांकच खोटा होता. हा अभ्यास 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी आयोगाने 4,305 नियतकालिके यादीतून काढली. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्राच्या आधाराने पारखलेल्या नियतकालिकांची ‘केअर’ यादी सुरू झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने तीही थांबवून पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली.

विकसनशील देशांपुढे दुसरा मार्गही आहे. ब्राझीलमध्ये 1990 च्या दशकाअखेर ‘सायलो’ हा उपक्रम सार्वजनिक पैशातून उभा राहिला. त्यात निवडलेली नियतकालिके सर्वांना फुकट वाचता येतात. आपण 2025 पासून ‘एक देश, एक सदस्यत्व’ योजनेत परदेशी प्रकाशकांची नियतकालिके वाचण्यासाठी तीन वर्षांकरिता 6,000 कोटी रुपयांची तरतूद केली आहे. वाचनाची सोय झाली, हे चांगलेच. आता आपली स्वतःची, कसून तपासणारी नियतकालिके जगवण्यासाठीही पैसा हवा.

तोवर संशोधक विद्यार्थ्यांना कळकळीची विनंती आहे. निबंध पाठवण्याआधी तीन गोष्टी पाहा. संपादक खरोखर त्या विषयातले आहेत का? तपासणीला पुरेसा वेळ घेतात का? पैशांची बोलणी आधी होतात की परीक्षण? आणि मार्गदर्शकांनो, विद्यार्थ्याला निबंधांची संख्या विचारू नका. एकच निबंध मागा आणि तो स्वतः वाचा.