विश्लेषण : अ‍ॅलर्जी असलेल्या घरात गालिचा की सतरंजी?

पाऊस ओसरला की माळ्यावरची सतरंजी, जाजम आणि गुंडाळून ठेवलेले गालिचे खाली येतात. दिवाळीची साफसफाई सुरू होते आणि त्याच आठवड्यात घरातल्या कुणाला तरी शिंकांची लड लागते, नाक वाहू लागते, रात्री धाप लागते. ‘हवा बदलली’ असे म्हणून ते सोडून दिले जाते. कारण मात्र अनेकदा पायाखालीच असते.

शिंका नेमक्या कशामुळे?

धुळीत डस्ट माइट नावाचे अतिसूक्ष्म जीव राहतात. ते कोळी आणि गोचीड यांच्या कुळातले, आठ पायांचे. आकार मिलिमीटरच्या एक चतुर्थांशाच्या आसपास, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते चावत नाहीत. माणसाच्या त्वचेचे गळलेले कण हे त्यांचे खाद्य. अ‍ॅलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे. घरातील धुळीच्या अ‍ॅलर्जीचा या जिवांशी असलेला संबंध १९६०च्या दशकात नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी दाखवून दिला.

हे जीव पाणी पीत नाहीत, हवेतील ओलावा शोषून जगतात. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते सुकून मरतात. मुंबई आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता त्याहून कितीतरी जास्त असते. तेवढ्या काळात जाड गालिच्यात त्यांची वस्ती वाढते आणि दिवाळीत तो झटकला की साठलेले सगळे हवेत उडते.

मग घ्यायचे काय?

दुकानात लोकर, ज्यूट, पॉलिप्रॉपिलीन यांवर चर्चा रंगते आणि ‘अँटी-अ‍ॅलर्जी’ लेबलसाठी जास्त पैसे मोजले जातात. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : हे घरी धुता येईल का? लांब लवीचा गालिचा कितीही महाग असला तरी तो वर्षातून एकदा ड्रायक्लीनिंगला जाणार. मधल्या काळात धूळ त्याच्या मुळाशी बसून राहणार. त्याउलट पातळ सुती सतरंजीला लव नसते, ती मशीनमध्ये मावते आणि दोरीवर एका दिवसात वाळते. रबरी पाठ असलेले पायपुसणे फरशीवरचा ओलावा धरून ठेवते. ज्यूट ओले राहिले तर बुरशी धरते आणि धागेही सोडते. युरोपात भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेले कार्पेट उखडावे लागते. आपल्याकडे घडी घालून उचलता येते, ही मोठी सोय आहे.

ऊन पुरेसे आहे का?

कडक उन्हात सतरंजी पूर्ण सुकली की बरेच माइट मरतात, हे खरे. पण त्यांची विष्ठा तिथेच राहते. म्हणून ऊन आणि धुणे, दोन्ही हवे. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात माइट मरतात. थंड पाण्याने अ‍ॅलर्जीकारक प्रथिने बरीचशी निघून जातात, किडे मात्र तग धरतात. सुती सतरंजीचा रंग जातो का, हे आधी एका कोपऱ्यावर गरम पाणी लावून पाहावे. गालिचा ठेवायचाच असेल तर हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम क्लिनर आठवड्यातून एकदा तरी फिरवावा. साधा क्लिनर बारीक कण मागच्या बाजूने परत खोलीत सोडतो.

गालिचा काढून टाकला आणि फरशीवर कोरडा झाडू फिरवला तर फारसा फायदा नाही, कारण धूळ उडतेच. ओला फडका बरा. सतरंजी धोपटायची ती घराबाहेर, दमेकऱ्याने नव्हे आणि ज्याने धोपटायची त्याने मास्क लावून. घरात धूळ उडालीच, तर ती खाली बसायला वेळ लागतो. तोवर मुलांना त्या खोलीबाहेर ठेवावे.

एवढे करूनही त्रास राहिला तर?

तर गादी आणि उशीकडे पाहावे. माणूस त्यांच्यात रोज सात-आठ तास नाक खुपसून असतो, त्यामुळे तिथला संपर्क हॉलमधल्या गालिच्यापेक्षा जास्त. चादरी आणि अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवावेत, गादीला घट्ट विणीचे झिपवाले कव्हर घालावे. अ‍ॅलर्जी माइटची आहे की बुरशीची की झुरळांची, हे त्वचेवरच्या चाचणीतून डॉक्टरांना कळते. ती करून घेण्याआधी घरातले सगळे गालिचे विकायची घाई नको. घर स्वच्छ झाले म्हणून डॉक्टरांना न विचारता इनहेलरही बंद करू नये.