सातबारा दिला, भाकरी गेली

पेरणीच्या तोंडावर आमच्या कार्यालयात गर्दी असते ती बियाण्यांची चौकशी करणाऱ्यांची. मागच्या हंगामात मात्र पुणे शहरालगतच्या गावातले पंचाहत्तरीचे एक बाबा वेगळंच गाऱ्हाणं घेऊन आले. "साहेब, किसानचे दोन हप्ते आले नाहीत. बघा जरा." पाहिलं, तर सातबाऱ्यावर बाबांचं नावच नाही! थोरल्याने बक्षीसपत्र करून घेतलेलं. "कर्जासाठी अंगठा लागतोय म्हनला, मी दिला." आता जेवण? "पडवीत ताट येतं. कधी येतं, कधी नाही."

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. जमिनीला गुंठ्यावर भाव आला. म्हातारा अडगळीचा झाला आणि त्याची सही सोन्याची! छळ म्हणजे फक्त मारहाण नव्हे. औषधाला पैसे न देणं, पासबुक काढून घेणं, येता-जाता टोचून बोलणं हाही छळच.

शेतकरी बंधूंनो, यासाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. मुलगा-मुलगी सांभाळत नसतील, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात पोटगीचा अर्ज करता येतो. महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते. मूलबाळ नसेल, तर वारसाने इस्टेट मिळणाऱ्या नातेवाइकावरही ही जबाबदारी येते. म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही.

सगळ्यात महत्त्वाचं कलम २३. जमीन देताना "मला आयुष्यभर सांभाळावे, अन्न-औषध द्यावे" ही अट असेल आणि मुलाने ती मोडली, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. अशी अट नसेल तर हे कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये मात्र मध्य प्रदेशातल्या एका आईला मुलाला दिलेली मिळकत परत मिळाली. त्या मुलाने सांभाळण्याचं वचन वेगळ्या कागदावर लिहून दिलं होतं. म्हणून तोंडी शब्दावर जाऊ नका. अंगठ्याआधी कागद तिऱ्हाइताकडून वाचून घ्या, अट लिहून घ्या. जमेल तर थोडी जमीन शेवटपर्यंत स्वतःच्या नावावर ठेवा.

गावच्या कारभाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापून पालकांना देण्याचा ठराव केला. आपल्याला निदान एवढं जमेल: फेरफाराची नोटीस निघाली की तलाठी भाऊसाहेबांनी, सरपंचांनी म्हाताऱ्याला एकटं गाठून विचारावं, "बाबा, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?" अडचणीत १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन आहे.

त्या बाबांना मी अर्ज लिहून देतो म्हटलं. ते म्हणाले, "नको, पोराची अब्रू जाईल." अट नसली तरी पोटगी मागता येते, हे त्यांना पुन्हा समजावलं. कोरा अर्ज घडी करून त्यांनी बंडीच्या खिशात ठेवला. १५ जून हा जगभर ज्येष्ठांच्या छळाविरुद्ध जागृतीचा दिवस पाळतात. तो येतो ऐन पेरणीत. त्या दिवशी आपापल्या पडवीत एकदा डोकावून बघा.