नर्सिंगचा अर्ज आणि पणजोबांचे वतन

मे महिना लागला की आमच्या टेबलावरील दिवाणी दाव्यांच्या फायली आपोआप बाजूला सरकतात आणि त्यांच्या जागी पोरापोरींचे दाखले येऊन बसतात. शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला आणि या सर्वांचा बाप म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. आम्ही या कामाची फी घेत नाही म्हणून गर्दी होते, असे काही मित्र म्हणतात. ते खरे नाही. समाजातील बारावी पास झालेल्या मुलीच्या आईबापाला आजही कचेरीच्या खिडकीपलीकडे आपला म्हणावा असा माणूस सापडत नाही, म्हणून ही गर्दी होते.

२०२३ सालच्या उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यातून अशीच एक मायलेकीची जोडी आली. आई आशा सेविका. बाप पिंपरीकडे बांधकामावर मिस्त्रीच्या हाताखाली. मुलगी विज्ञान शाखेतून बारावी झालेली आणि जूनमधल्या बी. एस्सी. नर्सिंगच्या सीईटीला बसणारी. आईने पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली आणि म्हणाली, "जयभीम साहेब. समदे कागद हायेत, पन समितीनं पत्र धाडलंय." पोरगी गप्प होती. नर्सिंगच का, असे आम्ही तिला विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आई रात्री-अपरात्री बायांना घेऊन दवाखान्यात जाते ना काका, तर तिला तिथं बाहेर बाकड्यावर बसवतात. मला आत जायचंय."

ते पत्र जिल्हा जात पडताळणी समितीचे होते. अर्जदाराच्या व वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात 'बौद्ध' अशी नोंद आहे, सबब १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा 'महार' या जातीचा पुरावा सादर करावा, असा त्याचा मथितार्थ.

वाचकहो, येथे जरा थांबू या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर आमच्या वडीलधाऱ्यांनी मोठ्या अभिमानाने मास्तरांना सांगून पोरांच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहून घेतले. धर्माच्या रकान्यात बौद्ध, जातीच्या रकान्यातही बौद्ध. त्यात चूक ती काय? ज्या शब्दाने गावकुसाबाहेर ठेवले तो शब्द लेकराच्या कागदावर नको, ही माणसाची साधी इच्छा होती. परंतु अनुसूचित जातींची यादी ही जातींची यादी आहे. त्यात 'बौद्ध' नावाची जात नाही. महाराष्ट्राच्या यादीत ३७ व्या क्रमांकावर 'महार' आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात केवळ हिंदूंनाच अनुसूचित जातीचे मानले होते, १९५६ साली त्यात शीख आले आणि बौद्धांसाठी १९९० साल उजाडावे लागले. व्ही. पी. सिंग यांच्या सरकारने ती दुरुस्ती केली. म्हणजे आपल्याला सवलत मिळते ती 'महार होतो, बौद्ध झालो' असे दोन्ही कागदावर सिद्ध केल्यावर. ज्याने पहिला शब्द पुसला त्याच्या नातीला तोच शब्द शोधत कचेऱ्या पालथ्या घालाव्या लागतात.

आमच्यातील काही कार्यकर्ते यावर चिडतात. दाखल्यावर महार लिहायचे म्हणजे धम्माशी बेइमानी, असे आम्हाला एका विहारातील बैठकीत तोंडावर ऐकवण्यात आले. आम्ही त्यांचा राग समजू शकतो. पण ज्यांची स्वतःची पोरे नोकरीला लागून गेली आहेत त्यांनी दुसऱ्याच्या पोरीला हा उपदेश करू नये. धर्माच्या रकान्यात बौद्धच लिहावे, त्यात तडजोड नाही. जातीचा पुरावा हा राज्याकडे मांडायचा हिशेब आहे, ती आपली ओळख नव्हे.

आता कायद्याचे सांगतो, कारण ते आमचे पोटापाण्याचे काम आहे. पडताळणी समित्यांची रीत घालून दिली ती सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली, कुमारी माधुरी पाटील प्रकरणात. खोटे दाखले काढून खऱ्या आदिवासींच्या वैद्यकीयच्या जागा पळवल्या जात होत्या, त्याला आळा बसावा हा हेतू. पुढे महाराष्ट्राने जातीचा दाखला देणे व त्याची पडताळणी यांचा स्वतंत्र कायदा केला, तो ऑक्टोबर २००१ पासून लागू आहे. त्याच्या कलम ८ प्रमाणे आपण त्या जातीचे आहोत हे शाबीत करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. हेतू चांगला, यात शंका नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खोट्या दाखल्यावर मिळवलेले लाभ काढून घेतलेच पाहिजेत असे बजावले, त्याचेही आम्ही स्वागत केले होते. पण चोरासाठी लावलेल्या कुलपाची किल्ली शोधायला घरधन्यालाच उन्हात फिरावे लागते, त्याचे काय? ज्याच्याकडे पैसा आणि वशिला आहे त्याचा खोटा कागदही नीटनेटका असतो. आमच्या माणसाचा खरा कागद मात्र कुठल्या तरी गोदामात वाळवीला लागलेला असतो.

त्या पोरीचे आजोबा शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे शाळेचा निर्गम उतारा मिळण्याचा प्रश्न मिटला. गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, त्यांच्या गावचे नेमके त्या वर्षांचे मिळेना. तलाठ्याने तालुक्याला पाठवले, तालुक्याने रेकॉर्ड रूमला, रेकॉर्ड रूमने पुन्हा तलाठ्याकडे. बापाचे चार दिवसांचे खाडे पडले. सीईटी जवळ आलेली. पोरगी एस.टी.त बसून जीवशास्त्राचे पुस्तक वाचत होती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

मार्ग सापडला तो आजीमुळे. आम्ही गावी गेलो तेव्हा म्हातारी ओट्यावर बसली होती. जमीनजुमला काही होता का, असे सहज विचारले. म्हातारी म्हणाली, "व्हतं की. हाडकी हाडवळ्याचं वावर व्हतं वढ्याकडंला. भावाभावांत गेलं, मंग सावकारानं खाल्लं." आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हाडकी हाडवळा म्हणजे महार वतनाची जमीन. वतन असेल तर फेरफार असणार, आणि फेरफारावर इनाम वर्ग सहा ब, महार वतन, असे लिहिलेले असणार.

नकलेचा अर्ज टाकला. रेकॉर्ड रूममधील एका जुन्या कारकुनाने, तो आपल्या समाजाचा नव्हता हेही लिहिले पाहिजे, दोन दिवस धूळ खाऊन पान काढून दिले. मोडी लिपीत होते. मोडी जाणकाराकडून त्याचे लिप्यंतर करून घेतले. पणजोबांचे नाव, त्यांच्या दोन भावांची नावे, आणि प्रत्येकापुढे तो शब्द. ते पान १९५० च्या कितीतरी आधीचे होते. सोबत १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्यानंतर जमीन नव्या शर्तीने परत दिल्याची नोंदही मिळाली.

ते पान हातात घेऊन आम्ही बराच वेळ बसून होतो. याच महार वतनाच्या विरोधात बाबासाहेब १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक घेऊन उभे राहिले होते. चतकोर भाकरीसाठी आणि ओढ्याकाठच्या तुकड्यासाठी सबंध जातीला सरकारची आणि गावाची वेठबिगार करायला लावणारी ही गुलामगिरी आहे, हे त्यांनी आपल्याच लोकांचा रोष पत्करून सांगितले. ते वतन गेले, बरे झाले. आणि आज त्याच वतनाचा कागद पणतीला नर्सिंग कॉलेजच्या दारात उभे करतो आहे. ही गोष्ट आम्हाला हसावी की रडावी ते कळले नाही.

वैधता प्रमाणपत्र दुसऱ्या फेरीनंतर हाती आले. पहिल्या दोन फेऱ्यांत ते नव्हते म्हणून तिच्या गुणांना अनुसूचित जातीच्या १३ टक्क्यांतील जागा मिळू शकली असती की नाही, याचा हिशेब आम्ही कधी मांडला नाही. मांडून उपयोग नव्हता. पुढच्या फेरीत एका खाजगी कॉलेजात तिचा नंबर लागला.

तेथे दुसरा अध्याय. मागासवर्गीय असूनही वर्षाची संपूर्ण फी आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत करू, असे कॉलेजच्या कार्यालयाने सांगितले. वर आणखी नॉन क्रिमी लेअरचा दाखला मागितला! अनुसूचित जातीला नॉन क्रिमी लेअर लागत नाही, हे त्या बाबूला ठाऊक नसेल यावर आमचा विश्वास नाही. आम्ही वकिलाच्या कागदावर पत्र लिहिले, एक प्रत समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना आणि एक शुल्क नियामक प्राधिकरणाला. दोन दिवसांत फोन आला की पालकांनी यावे, गैरसमज झाला होता. गैरसमज हा नेहमी गरिबाच्याच बाबतीत का होतो?

हे लिहिण्याचे कारण असे की ज्या चुका त्या घराने केल्या त्या यंदा दुसऱ्या घराने करू नयेत. पडताळणीचा अर्ज बारावीच्या निकालानंतर करायचा नसतो, तो अकरावीतच कॉलेजमार्फत करायचा असतो. बार्टीच्या संकेतस्थळावर अर्ज भरून त्याची छापील प्रत पुराव्यांसह समितीकडे द्यावी लागते, आणि तेथे समिती त्रुटी काढणार हे गृहीतच धरावे. वडील, चुलते, आत्या किंवा सख्खे भावंड यांपैकी कोणाची वैधता झालेली असेल तर ती प्रत सर्वात वर लावावी. रक्ताच्या नात्यातील वैधता रीतसर चौकशीने मिळालेली असेल तर समितीने ती सहजासहजी डावलू नये, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितले आहे. आईकडच्या नात्याचे कागद या कामी येत नाहीत, वंशावळ बापाकडची लागते. प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा मुद्रांक मागितला तर देऊ नका, शैक्षणिक कामाच्या दाखल्यांना तो लागत नाही हे महसूल खात्याने २०२५ साली पुन्हा स्पष्ट केले आहे. पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळेल, मुदतवाढ मिळेल, अशा भरवशावर राहू नका. एखाद्या वर्षी मिळते, एखाद्या वर्षी नाही, आणि वैधता नसली की अर्ज खुल्या प्रवर्गात जाऊन पडतो.

बी. एस्सी. नर्सिंगला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन बारावी लागते. खुल्या गटाला ४५ टक्के, आपल्या मुलांना ४० टक्के. चार वर्षांचा अभ्यासक्रम, आठ सत्रे, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी. कला शाखेच्या मुलींना जी.एन.एम.चा तीन वर्षांचा मार्ग खुला आहे, तोही कमी प्रतीचा नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्यांत चालणाऱ्या, सहा महिन्यांत 'नर्स' करून देणाऱ्या दुकानांपासून सावध राहा. त्या कागदावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका होता येत नाही. पोरगी आयुष्यभर खाजगी दवाखान्यात चार-सहा हजारांवर राबते. तसेच व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश देतो म्हणणारे एजंट गावोगाव फिरतात. त्या कोट्यातून गेलेल्याला शिष्यवृत्ती मिळत नाही, हे एजंट शेवटपर्यंत सांगत नाही. शासनाच्या प्रवेश फेरीतून गेलात तरच भारत सरकारची शिष्यवृत्ती. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर फ्रीशिप.

दवाखान्यात आमच्या आयाबहिणी पिढ्यान् पिढ्या आहेत. झाडू मारायला, बेडपॅन उचलायला, मेलेल्याला हलवायला. त्यांना 'मावशी' म्हणतात. रुग्णाला शिवणे हे हलके काम म्हणून शिकल्यासवरल्या घरांनी ज्या काळी या पेशाकडे पाठ फिरवली होती, त्याच काळी, १८९७ च्या प्लेगात, सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातील लेकराला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि त्याच रोगाने १० मार्चला प्राण सोडला. आता या पेशाला पगार आला, परदेशाची वाट आली, तेव्हा त्याच्या दारात सगळ्यांची रांग लागली आहे. लागू द्या. आमच्या पोरी रांगेतून कागदाअभावी बाहेर काढल्या जाऊ नयेत, एवढेच आमचे भांडण आहे.

प्रत्येक विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर एक टेबल मांडावे, तेथे निवृत्त तलाठी, शिक्षक, कारकून यांनी बसावे आणि अकरावीतल्या पोरांच्या वंशावळी लिहून घ्याव्यात, अशी सूचना आम्ही गेली तीन वर्षे करीत आहोत. जयंतीच्या मंडपाच्या खर्चाच्या शंभराव्या भागात हे काम होईल. दोन विहारांनी सुरू केले आहे. बाकीचे विचाराधीन आहेत, म्हणजे काय ते वाचकांनी समजून घ्यावे.

ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या दिवाळीत आली होती, कॉलेजच्या गणवेशातील फोटो घेऊन. तो फोटो तिने आधी आजीला दाखवला, म्हातारीने म्हणे फोटोतल्या टोपीवरून बोट फिरवले. तिचा धाकटा भाऊ यंदा अकरावीत गेला. त्याचा पडताळणीचा अर्ज बहिणीच्या वैधतेची प्रत वर लावून आम्ही जुलैतच दाखल केला आहे, आणि त्या मोडी पानाची साक्षांकित नक्कल आम्ही आमच्या कपाटात ठेवली आहे. पणजोबांच्या दोन भावांचा वंशविस्तार कुठे कुठे पांगला आहे, तो शोधणे चालू आहे. कोणा वाचकाच्या घरात हाडवळ्याच्या वावराची आठवण सांगणारी म्हातारी असेल तर तिच्याशी लवकर बोलून घ्यावे.