दाढ इथे दाखवायची की पुण्याला जाऊन?

डिसेंबर जवळ आला की इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. ‘दाढ दुखतेय. इथेच दाखवू, की सुट्टीत पुण्याला जाणारच आहे तर तिथे करू?’ मग सल्ले सुरू. कुणी लवंगेचं तेल सुचवतं, कुणी म्हणतं एका कॅपच्या पैशात विमानाचं तिकीट निघतं. मी डेंटिस्ट नाही, कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. पण अमेरिकेत आल्यापासून डेंटल प्लॅनची कागदपत्रं आणि बिलं बरीच वाचली, त्यातून जे कळलं ते सांगतो.

अमेरिकेत दात हा जणू शरीराचा भागच नाही! मेडिकल इन्शुरन्स वेगळा, डेंटल वेगळा. १९६५ साली ज्येष्ठांसाठी मेडिकेअरचा कायदा आला, त्यातही नेहमीची दातांची कामं वगळली गेली आणि आजही बहुतांशी तसंच आहे. डेंटल प्लॅनची गंमत अशी की तो आपण समजतो तसा विमाच नव्हे. मेडिकलमध्ये वर्षभरात खिशातून ठराविक रक्कम गेली की पुढचा खर्च कंपनी उचलते. डेंटलमध्ये नेमकं उलट. मर्यादा कंपनीची असते, बहुतेक ठिकाणी वर्षाला हजार ते दोन हजार डॉलरच्या आसपास. ती संपली की पुढचं सगळं आपलं. टक्केवारी साधारण १००-८०-५० अशी. तपासणी आणि क्लीनिंगचे पूर्ण पैसे, दात भरायचा असेल तर ८० टक्के, कॅपसारख्या मोठ्या कामाला ५०. म्हणजे दुखत नसताना गेलात तर जवळपास फुकट, दुखायला लागल्यावर गेलात तर महाग. आणि आपली सवय काय? दुखल्याशिवाय दातांच्या डॉक्टरचं तोंड बघायचं नाही.

वर्षातून दोनदा मिळणारं हे क्लीनिंग आपली मंडळी सर्रास सोडून देतात. ‘दात साफ केले की हलायला लागतात’ ही घरोघरची समजूत. खरं म्हणजे दातांवर साचलेला कठीण थर निघाला की त्याने झाकलेली फट उघडी पडते, इतकंच. हिरडी आधीच सुटलेली असेल तर दात आधीच हलत असतो, थराने तो धरून ठेवलेला असतो. इथे हे काम सहसा डॉक्टर करत नाही, हायजिनिस्ट करते. हा वेगळा पेशा अमेरिकेतच जन्मला, त्याची पहिली शाळा १९१३ साली कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला निघाली.

नवीन आलेल्यांना पहिल्याच भेटीत ‘डीप क्लीनिंग लागेल’ असं ऐकायला मिळतं आणि त्यांना वाटतं, आपल्याला लुटतायत. कधी गरज खरी असते, कधी शंका घ्यायला जागा असते. अशा वेळी हिरड्यांच्या मापांचा चार्ट मागायचा. दात आणि हिरडीमधली खोली १ ते ३ मिलिमीटर असेल तर ठीक. ४ किंवा जास्त असेल आणि एक्स-रेमध्ये हाड झिजलेलं दिसत असेल, तर सल्ल्यात तथ्य आहे. मोठं काम असेल तर आधी कंपनीकडून लेखी अंदाज मागवता येतो. क्लिनिकला सांगितलं की तेच पाठवतात.

आता पुण्याचा प्रश्न. कॅप, कवळी, रूट कॅनाल भारतात स्वस्त पडतं आणि तिथले चांगले डॉक्टर इथल्यांपेक्षा कमी नाहीत. अडचण कौशल्याची नसून कॅलेंडरची आहे. दोन-तीन आठवड्यांत रूट कॅनाल आणि कॅप बसू शकते, पण पोचल्याच्या दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट हवी, लग्नं आटोपल्यावरची नव्हे. इम्प्लांटचं गणित मात्र वेगळं. टायटॅनियमचा स्क्रू जबड्याच्या हाडात रुजावा लागतो. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्यांदा माणसावर हे केलं, आणि आजही त्याला बहुधा काही महिने लागतात. एका फेरीत ‘सगळं करून देतो’ म्हणणाऱ्याला चार प्रश्न जास्त विचारा. परत येताना एक्स-रे आणि इम्प्लांटची कंपनी, माप लिहिलेला कागद घेऊन या. नाहीतर इथे काही बिघडलं तर दुसरा डॉक्टर हात लावायला कचरतो.

पण गाल सुजलाय, ताप आहे, तोंड उघडत नाही किंवा गिळायला त्रास होतोय, तर डिसेंबरची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रात्र असेल तर इमर्जन्सी रूम, जरी तिथे बहुधा अँटिबायोटिक आणि वेदनाशामकच मिळतं आणि दाताचं काम नंतर वेगळं करावं लागतं.

पैशांची चणचण असेल तर डेंटल कॉलेजचा विचार करा. न्यूयॉर्कमध्ये एनवाययू, नेवार्कला रटगर्स इथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ खूप जातो, पण फी कमी.

मुलांबद्दल थोडक्यात. पहिला दात आला की फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर सहापर्यंत वाटाण्याएवढी. नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालायची सुरुवात १९४५ मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला झाली. २०२५ मध्ये युटा आणि फ्लोरिडाने ते बंद केलं. घरी आरओ फिल्टर असेल तर तोही बरंचसं फ्लोराइड काढून टाकतो, म्हणून मुलांच्या डेंटिस्टला पाणी कुठलं पिता हे सांगा.

आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर त्यांचे दात निघण्याच्या महिनाभर आधी तिकडेच दाखवून घ्या. व्हिजिटर इन्शुरन्स बहुधा अचानक उद्भवलेल्या दुखण्यापुरता असतो, जुनी कीड त्यात बसत नाही. कवळी असेल तर ती हँडबॅगेत ठेवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर चिठ्ठी सोबत असू द्या. आजी मिश्री लावत असेल तर तेही डॉक्टरला मोकळेपणाने सांगा. भारतात मंजनात तंबाखू घालायला १९९२ मध्ये बंदी आली, पण तव्यावर भाजलेली घरची मिश्री अजून कित्येक घरांत आहे, आणि इथल्या डॉक्टरला ती काय असते हे आपणच समजावावं लागतं.